लालडेंगा : बंड आणि तह

१९५८च्या ऑक्टोबरात मिझो टेकड्यांच्या स्वायत्त जिल्हा परिषदेने एक ठराव करून शिलाँगला पाठवला. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या आणि आसामची राजधानी शिलाँग होती. ठरावातली मागणी साधी होती. पुढल्या वर्षी बांबू फुलणार, त्यापाठोपाठ उंदीर मातणार आणि उभी पिकं फस्त होणार. तेव्हा आधीच तजवीज म्हणून पंधरा लाख रुपये मंजूर करावेत. या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही, ती डोंगरी लोकांची जुनी समजूत आहे, असं म्हणून राज्य सरकारने मागणी फेटाळली. १९५९ उजाडलं, डोंगरच्या डोंगर फुलले आणि ठरावात लिहिलं होतं तसंच घडलं.

नाकारलेल्या त्या पंधरा लाखांची किंमत देशाला आणि मिझो लोकांना पुढची वीस वर्षं मोजावी लागली. लालडेंगांचं चरित्र म्हणजे त्या वीस वर्षांची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या कचेरीतला हा कारकून बंडखोर सैन्याचा प्रमुख झाला, तीन देशांत परागंदा राहिला, दहा वर्षं दिल्लीशी वाटाघाटी करत राहिला आणि अखेर त्याच भारतातल्या एका राज्याचा मुख्यमंत्री झाला. आपल्याकडे ईशान्येचा इतिहास शाळेच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात उरकतात. त्यातला हा अध्याय तरी नीट वाचायला हवा. बंड कसं पेटतं आणि ते कसं संपवता येतं, हे दोन्ही त्यात आहे.

फुललेला बांबू

मिझोरामच्या डोंगरांवर मुख्यत्वे एकाच जातीचा बांबू आहे. मिझो लोक त्याला 'मौ' म्हणतात. सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी हा बांबू सगळीकडे एकाच सुमारास फुलतो, फळतो आणि मरून जातो. जमिनीवर त्याच्या मांसल फळांचा खच पडतो. ती खाऊन उंदरांची वीण भलतीच वाढते आणि फळं संपली की उंदरांच्या झुंडी भातावर तुटून पडतात. संध्याकाळी कापणीला आलेलं दिसणारं शेत सकाळी नुसतं धाटांचं उरतं. या दुष्काळाला मिझो भाषेत 'माउताम' म्हणतात. १९११-१२चा माउताम भोगलेली माणसं १९५८ साली हयात होती. ठरावाला आधार होता तो त्यांच्या आठवणींचा आणि मोजलेल्या वर्षांचा. पुढचा फुलोरा २००७च्या सुमारास आला. तेव्हा आधीच योजना आखल्या गेल्या, धान्य साठवलं गेलं, मारलेल्या उंदराच्या शेपटीमागे सरकार पैसे देत होतं. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी होते झोरामथांगा. लालडेंगांच्या बंडखोर सेनेबरोबर जंगलात वर्षानुवर्षं काढलेले ते त्यांचे निकटचे सहकारी.

१९५९ साली मात्र अशी कुठलीच तयारी नव्हती. सिलचरहून ऐझॉलला येणारा एकच धड रस्ता, पुढे डोंगरातल्या पायवाटा. मदत मंजूर झाली तेव्हा उशीर झाला होता आणि जी आली ती आतल्या गावांपर्यंत पोहोचवायला यंत्रणा नव्हती. लोक जंगलातली कंदमुळं उकरून दिवस काढत होते. त्या काळात ऐझॉलमधल्या 'मिझो कल्चरल सोसायटी' या संस्थेने मदतीचं काम अंगावर घेतलं. १९६०मध्ये तिचं रूपांतर 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट'मध्ये झालं. या फ्रंटचे तरुण तांदळाची पोती पाठीवर मारून दिवस-दिवस चालत आडगावांत जात. लोकांच्या मनात ही गोष्ट पक्की बसली की सरकार आलं नाही, ही पोरं आली.

या पोरांना एकत्र ठेवणारा माणूस होता लालडेंगा.

हवालदार, कारकून, पुढारी

लालडेंगांचा जन्म १९२७ सालचा, लुंगलेईजवळच्या पुकपुई गावचा. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४मध्ये, ते ब्रिटिश हिंदी सैन्यात भरती झाले आणि हवालदारपदापर्यंत गेले. स्वातंत्र्यानंतर गणवेश उतरवून ते जिल्हा परिषदेच्या कचेरीत हिशेबाच्या कामावर लागले. सैन्यातली शिस्त आणि कचेरीतली कागदपत्रांची समज, या दोन्ही गोष्टी त्यांना पुढे उपयोगी पडल्या. तिसरी गोष्ट उपजत होती. माणूस बोलायला उभा राहिला की लोक ऐकत राहत. १८९४ साली मिशनरी आले, त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली आणि दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ सगळा समाज ख्रिस्ती झाला. प्रवचनं आणि सामूहिक गाणं यांवर वाढलेल्या या समाजात वक्त्याला मोठा मान होता.

१९५४मध्ये गावप्रमुखांचे वंशपरंपरागत हक्क कायद्याने संपले होते. ते काम 'मिझो युनियन' या पक्षाने करवून घेतलं आणि सामान्य शेतकऱ्याला त्याचा आनंदच होता. याचा अर्थ असा की भारतात राहून, सनदशीर मार्गाने आपलं भलं होईल, असं मानणारा मोठा वर्ग मिझो समाजात होता. माउतामने त्या विश्वासाला पहिला तडा दिला. दुसरा तडा दिला १९६०च्या राजभाषा कायद्याने. असमिया ही राज्याची राजभाषा झाली आणि त्या भाषेचा गंध नसलेल्या डोंगरी लोकांना वाटलं, आता नोकरी, शिक्षण, कोर्टकचेरी सगळीकडे आपण परके ठरणार.

ऑक्टोबर १९६१मध्ये फॅमिन फ्रंटच्या नावातला 'फॅमिन' गळाला आणि 'मिझो नॅशनल फ्रंट' हा पक्ष उभा राहिला. अध्यक्ष लालडेंगा. पक्षाचं ध्येय स्वतंत्र मिझोराम. दुष्काळात पाठीवर तांदूळ वाहणारे तरुण आता गावोगाव सभा घेत होते आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत होते, कारण तो विश्वास त्यांनी कमावला होता. १९६३च्या अखेरीस लालडेंगा सहकाऱ्यांसह गुपचूप पूर्व पाकिस्तानात जाऊन आले. परतल्यावर त्यांना अटक झाली, पण आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा यांनी चांगल्या वागणुकीच्या हमीवर त्यांना सोडलं. पूर्व पाकिस्तानच्या सीमेपलीकडे तरुणांचं शस्त्रशिक्षण सुरू झालं. सैन्यातून परतलेल्या अनुभवी मिझो जवानांमुळे या फौजेला कणा मिळाला. ३० ऑक्टोबर १९६५ रोजी फ्रंटने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना निवेदन देऊन मिझोंच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. निवेदनाची भाषा शांततेची होती. तयारी मात्र दुसऱ्याच गोष्टीची चालली होती.

मार्च १९६६

२८ फेब्रुवारी १९६६च्या रात्री 'ऑपरेशन जेरिको' सुरू झालं. बायबल वाचणाऱ्या प्रत्येकाला या नावाचा अर्थ ठाऊक होता : तुताऱ्यांच्या निनादाने तटबंदी कोसळलेलं ते शहर. ऐझॉल, लुंगलेई, चम्फाई अशा ठिकाणी एकाच वेळी हल्ले झाले. ऐझॉलचं टेलिफोन एक्स्चेंज बंद पाडण्यात आलं, सरकारी खजिना लुटला गेला. उपायुक्तांना आसाम रायफल्सच्या छावणीत आश्रय घ्यावा लागला आणि छावणीला वेढा पडला. १ मार्चला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्यावर लालडेंगांसह ६१ जणांच्या सह्या होत्या.

दिल्लीत इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पाकिस्तानशी युद्ध होऊन जेमतेम सहा महिने उलटले होते. अशा वेळी पूर्वेकडचा एक जिल्हा हातातून निसटला, तर त्याचा परिणाम सबंध ईशान्येवर होईल ही धास्ती खरी होती. वेढलेल्या छावणीत हेलिकॉप्टरने कुमक उतरवण्याचा प्रयत्न झाला, पण खालून होणाऱ्या गोळीबारामुळे हेलिकॉप्टर उतरू शकली नाहीत. जमिनीवरून निघालेली सैन्याची तुकडी अजून वाटेत होती.

५ मार्चला हवाई दलाची विमानं ऐझॉलवर आली. 'तूफानी' आणि 'हंटर' जातीच्या या लढाऊ विमानांनी आधी गोळ्यांचा मारा केला. मग आग लावणारे बॉम्ब टाकले गेले. दुसऱ्या दिवशी विमानं पुन्हा आली. ऐझॉल हे डोंगराच्या धारेवर दाटीवाटीने वसलेलं, लाकडी घरांचं गाव. दॉरपुई, रिपब्लिक वेंग यांसारख्या वस्त्यांमध्ये आगी लागल्या. लोक नेसत्या कपड्यांनिशी मुलांना घेऊन दऱ्यांत, शेतांवरच्या खोपटांत पळाले. स्वतंत्र भारताने आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर विमानांतून बॉम्ब टाकल्याची ही एकमेव घटना. विमानं माणसं आणि रसद उतरवण्यासाठी पाठवली होती, असं त्या वेळी सरकारी पातळीवरून सांगितलं गेलं. आसामच्या विधानसभेत खासी टेकड्यांमधल्या आमदारांनी प्रत्यक्ष पाहणी करून या दाव्याला आव्हान दिलं.

यशवंतरावांच्या कारकिर्दीबद्दल आपण मराठी माणसं अभिमानाने बोलतो आणि १९६२च्या पराभवानंतर त्यांनी सैन्याला पुन्हा उभं केलं हे खरंच आहे. त्याच कारकिर्दीत ५ मार्च १९६६ ही तारीखही येते. ती वगळून ती कारकीर्द पुरी होत नाही.

लष्करी दृष्टीने काम झालं. काही दिवसांत सैन्य ऐझॉलला पोहोचलं, मार्च संपायच्या आत सगळी मोठी गावं सरकारच्या ताब्यात आली. फ्रंटवर बंदी आली. लालडेंगा आणि त्यांची 'मिझो नॅशनल आर्मी' जंगलात शिरली आणि गनिमी काव्याची लढाई सुरू झाली. मात्र ज्या घरांचा फ्रंटशी संबंध नव्हता, ती घरंही जळाली होती. सनदशीर मार्गावर विश्वास ठेवणाऱ्या मिझो युनियनच्या लोकांना आता आपल्याच माणसांना तोंड दाखवणं अवघड झालं.

गावं उठली

गनिमाला अन्न, बातमी आणि आसरा गावाकडून मिळतो. गाव तोडलं की गनीम उघडा पडतो. ब्रिटिशांनी मलायात वापरलेली ही युक्ती जानेवारी १९६७पासून मिझो टेकड्यांत राबवली गेली. तोपर्यंत यशवंतराव गृहमंत्री झाले होते आणि लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते सॅम माणेकशॉ. पहिल्या टप्प्यात सिलचर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्याच्या आजूबाजूची १०६ गावं उठवून १८ ठिकाणी आणली गेली. या ठिकाणांना नाव होतं 'संरक्षित आणि प्रगतिशील गावं'. पुढच्या तीन वर्षांत आणखी टप्पे झाले. एकूण ७६४ गावांपैकी ५१६ गावं हलवून ११० केंद्रांत कोंबली गेली, अवघ्या १३८ गावांना हात लागला नाही.

आकड्यांच्या मागे काय होतं, हे दार्झो गावावरून कळतं. आसामचे मुख्य सचिव राहिलेले विजेंद्र सिंग जफा यांनी, त्या कारवाईत असलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेली हकिगत पुढे लिहून ठेवली. दार्झो हे त्या भागातलं सुखवस्तू गाव, कणग्या भाताने भरलेल्या. हुकूम आला की अंगाखांद्यावर नेता येईल तेवढं घ्या आणि निघा. उरलेलं धान्य बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून गाव जाळायचं होतं. गावकऱ्यांनी स्वतःच्या घराला स्वतः काडी लावायला नकार दिला, तेव्हा ते काम सैनिकांना करावं लागलं. त्यानंतर गावप्रमुखांना कागदांवर सह्या करायला लावलं गेलं. बंडखोरांच्या त्रासाला कंटाळून आम्हीच स्थलांतराची विनंती केली, अशा अर्थाचा तो मजकूर होता. सह्या बंदुकीच्या धाकाने झाल्या. ही हकिगत सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावरचं ओझं त्या लिखाणात लपत नाही.

नव्या केंद्रांभोवती कुंपण, दारात पहारा, ओळखपत्रं, रात्रीची संचारबंदी. मिझो शेती म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती. हिवाळ्यात झाडोरा तोडायचा, तो वाळला की जाळायचा, पावसाच्या तोंडावर पेरायचं आणि दर वर्षी जागा बदलायची. शेतावरच्या खोपटात मुक्काम केल्याशिवाय ही शेती होत नाही. संध्याकाळी फाटकाच्या आत परतण्याची सक्ती आली आणि शेती मोडली. चालत जाऊन परत येता येईल एवढ्याच अंतरावरची जमीन पुन्हा पुन्हा पेरली गेली, तिचा कस गेला, कुटुंबं सरकारी शिध्यावर आली. १९७०मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने पुढच्या टप्प्याला स्थगिती दिली तेव्हा हे सत्र थांबलं. बहुतेक जुनी गावं पुन्हा वसलीच नाहीत. २०११च्या जनगणनेत मिझोरामची निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरी दिसते, तिचं एक मूळ या सक्तीच्या वसाहतींत आहे.

सामान्य माणूस दोन्ही बाजूंनी भरडला गेला. जंगलातून येणारी माणसं वर्गणी आणि धान्य मागत, नाही म्हणणाऱ्याला धाक घालत. खबऱ्या असल्याच्या संशयावरून, विरोधी पक्षात असल्याच्या रागातून फ्रंटच्या लोकांनी आपल्याच समाजातल्या माणसांना ठार केलं. मिझो नसलेल्या रहिवाशांना निघून जाण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. लालडेंगांचं मोठेपण मान्य करताना हा हिशेबही त्यांच्याच खात्यावर मांडावा लागतो.

परागंदा

लालडेंगांचा मुक्काम आता पूर्व पाकिस्तानात होता. कधी ढाक्यात, कधी चितगावच्या डोंगराळ मुलखात. तिथल्या छावण्यांत त्यांनी एक सरकार उभं केलं. राष्ट्राध्यक्ष ते स्वतः, संरक्षणमंत्री आर. झामाविया. सेनेच्या दोन ब्रिगेड होत्या, 'लायन' आणि 'डॅगर'. बटालियनना व्हानापा, खुआंगचेरा, ताइतेसेना अशा मिझो इतिहासातल्या वीरांची नावं होती. कारकुनी केलेल्या माणसाची छाप या सरकारच्या नोंदी, हुकूम आणि नेमणुकांवर होती.

हे सारं उभं होतं पाकिस्तानच्या आधारावर, आणि १९७१ साली तो आधार कोसळला. मेजर जनरल सुजानसिंग उबान यांच्या तिबेटी सैनिकांच्या दलाने चितगाव टेकड्यांतल्या मिझो छावण्या उधळल्या. डिसेंबरात ढाका पडलं. एका नव्या राष्ट्राचा जन्म साजरा होत असताना लालडेंगा कुटुंबासह आराकानच्या दिशेने पळत होते. ब्रह्मदेशातून ते पाकिस्तानात पोहोचले. इथून पुढे त्यांचं सैन्य एका टोकाला आणि ते हजारो मैलांवर दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती झाली. सेनेतल्या काही तुकड्यांनी ब्रह्मदेश ओलांडून चीनच्या युन्नान प्रांतात प्रशिक्षण घेतलं, पण चीनकडून पाकिस्तानसारखा पाठिंबा कधी मिळाला नाही.

मायदेशी परिस्थिती बदलत होती. २१ जानेवारी १९७२ रोजी मिझोराम आसामपासून वेगळा होऊन केंद्रशासित प्रदेश झाला, स्वतःची विधानसभा मिळाली. निवृत्त ब्रिगेडियर टी. सायलो यांनी १९७४मध्ये मानवी हक्क समिती स्थापन केली आणि सैन्याच्या अत्याचारांविरुद्ध बंदूक न उचलताही उभं राहता येतं हे दाखवलं. पुढे ते मुख्यमंत्री झाले. चर्चचे वडीलधारे पहिल्या वर्षापासून दोन्ही बाजूंना हिंसा थांबवण्याची विनवणी करत होते. दुसरीकडे १३ जानेवारी १९७५ला बंडखोरांनी ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात शिरून पोलीस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. लढाई चालू ठेवायची ताकद अजून होती. जिंकायची ताकद मात्र उरली नव्हती आणि लालडेंगांनी ते ओळखलं.

दहा वर्षांच्या वाटाघाटी

१९७५मध्ये युरोपात त्यांनी भारतीय अधिकाऱ्यांशी संपर्क साधला. १९७६च्या सुरुवातीला ते दिल्लीत आले आणि १ जुलै १९७६ रोजी एका करारावर सही केली. मिझोराम भारताचा अविभाज्य भाग आहे आणि प्रश्न राज्यघटनेच्या चौकटीत सोडवायचा, हे त्यांनी मान्य केलं. स्वातंत्र्याची मागणी त्यांनी त्या दिवशी सोडली. बंड संपायला मात्र आणखी दहा वर्षं लागली.

कारण जंगलातली माणसं. ज्यांनी दहा वर्षं ओल्या झोळीत रात्री काढल्या, ज्यांचे भाऊ-मित्र मारले गेले, त्यांना दिल्लीत बसलेला अध्यक्ष सांगत होता की आता परत या. अनेकांना हा विश्वासघात वाटला. सेनेत फूट पडली, काही गट शरण गेले, काहींनी लालडेंगांचं नेतृत्व झुगारलं. लालडेंगांनी जुने सहकारी गमावले, नवे जोडले आणि सेनेवरची पकड पुन्हा बसवली. मोरारजी देसाईंच्या सरकारशी बोलणी फिसकटली आणि त्यांना अटक झाली. १९८०मध्ये इंदिरा गांधी परतल्या, खटले मागे घेतले गेले, ३१ जुलैला युद्धबंदी झाली. पण आपल्याला मुख्यमंत्री करावं आणि सायलोंचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ बाजूला व्हावं, हा लालडेंगांचा आग्रह होता. सायलो हटायला तयार नव्हते आणि त्यांची बाजू लोकशाहीची होती. १९८२च्या आरंभी बोलणी पुन्हा तुटली, फ्रंटवर पुन्हा बंदी आली, लालडेंगा लंडनला गेले. मुख्यमंत्रिपदाच्या हव्यासापायी त्यांनी शांतता लांबवली, असा आरोप मिझोराममध्ये त्यांच्यावर होत राहिला. त्यात तथ्य आहे. मात्र आपला नेता सन्मानाने परत आला, हे जंगलातल्या सैनिकाला दिसल्याशिवाय तोही परतणार नव्हता, हेही तितकंच खरं.

१९८४च्या ऑक्टोबरअखेर ते पुन्हा दिल्लीत आले. ३१ तारखेला त्यांची इंदिरा गांधींशी भेट ठरली होती. त्या सकाळी इंदिराजींची हत्या झाली. राजीव गांधींनी बोलणी थांबू दिली नाहीत. आधी जी. पार्थसारथी आणि नंतर केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांनी ती पुढे नेली.

इथे पुन्हा महाराष्ट्र येतो. राम प्रधान हे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. दिल्लीला जाण्याआधी ते राज्याचे मुख्य सचिव होते. त्याच्याही फार आधी, यशवंतराव संरक्षणमंत्री असताना, ते त्यांचे खाजगी सचिव होते. गृहसचिव म्हणून दीड वर्षात त्यांनी पंजाब, आसाम आणि मिझोराम असे तीन करार हाताळले. तिसऱ्याची गाडी तपशिलांवर अडून बसली होती. ३० जून १९८६ हा प्रधानांच्या निवृत्तीचा दिवस. कचेरीची वेळ सरत आली तरी सह्या झाल्या नव्हत्या. हा माणूस उद्या या खुर्चीत नसेल, सगळं पुन्हा नव्याने सुरू करावं लागेल, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. अखेरच्या काही तासांत उरलेले पेच सुटले आणि त्याच संध्याकाळी करार झाला. सह्या तिघांच्या : लालडेंगा, राम प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा.

करारात दोघांनीही काही सोडलं. मिझोरामबाहेरचे मिझो भाग जोडून मोठं राज्य करावं ही फ्रंटची मागणी मान्य झाली नाही. फ्रंटने शस्त्रं खाली ठेवायची, पक्षाची घटना कायद्याशी जुळवून घ्यायची, त्रिपुरा-मणिपूरच्या बंडखोर गटांना मदत बंद करायची होती. केंद्राने मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा द्यायचा होता. मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी या बाबतींत संसदेचा कायदा मिझोराम विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होणार नाही, अशी हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१जीमध्ये आली. ठराव केराच्या टोपलीत जाण्यापासून सुरू झालेल्या भांडणाचा शेवट विधानसभेच्या ठरावाला घटनेचं बळ मिळण्यात झाला.

सहाशेहून अधिक सैनिक जंगलातून बाहेर आले आणि त्यांनी शस्त्रं जमा केली. काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहॉला यांच्यामागे बहुमत होतं. त्यांनी ते पद सोडलं आणि उपमुख्यमंत्री झाले. २१ ऑगस्ट १९८६ला लालडेंगांनी भारतीय राज्यघटनेची शपथ घेऊन मुख्यमंत्रिपद स्वीकारलं. २० फेब्रुवारी १९८७ला मिझोराम देशाचं तेविसावं राज्य झालं. त्याच महिन्यातल्या निवडणुकीत चाळीसपैकी चोवीस जागा फ्रंटला मिळाल्या.

सत्ता गेल्यावर

सेनापती म्हणून हुकूम सोडणं आणि आमदारांना सांभाळणं या वेगळ्या कला आहेत. दुसरी लालडेंगांना साधली नाही. १९८८मध्ये त्यांचे आमदार फुटले, सरकार अल्पमतात आलं आणि सप्टेंबरात राष्ट्रपती राजवट लागली. जानेवारी १९८९च्या निवडणुकीत काँग्रेस जिंकली. फ्रंटने वीस वर्षं लढून मिळवलेली सत्ता दीड-दोन वर्षांत गेली. अनेक बंडखोरांच्या चरित्रात इथे बंदूक परत येते. जंगल ओळखीचं होतं, जुने सैनिक हयात होते, रागाला निमित्तही होतं. लालडेंगा जंगलात परतले नाहीत, त्यांच्या सैनिकांपैकीही कोणी जुनी सेना पुन्हा उभी केली नाही. ते विरोधी पक्षात बसले. ७ जुलै १९९० रोजी कर्करोगाने लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांचा पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला, हरला, पुन्हा आला, पुन्हा हरला. साक्षरतेत मिझोराम आज देशात पहिल्या काही राज्यांत आहे आणि ३० जून हा तिथे शांततेचा दिवस म्हणून सुट्टीचा असतो.

राम प्रधानांच्या तीन करारांची तुलना केली की काही गोष्टी लख्ख दिसतात. पंजाबच्या करारावर सही करणाऱ्या संत लोंगोवालांची महिन्याभरात हत्या झाली. आसामच्या करारातल्या कलमांवर आजही वाद चालू आहेत. मिझोरामचा करार टिकला. सही करणाऱ्या नेत्यामागे त्याचं सैन्य उभं होतं, आणि ते उभं राहावं म्हणून त्या नेत्याने दहा वर्षं स्वतःच्याच लोकांचे शिव्याशाप सोसले होते. एका निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याने समाजासाठी खुर्ची सोडली होती. चर्चने आणि सायलोंसारख्या माणसांनी शांततेची भाषा त्याआधी वीस वर्षं जिवंत ठेवली होती. यातला एक धागा जरी तुटला असता, तरी दिल्लीतला तो कागद कागदच राहिला असता.

बंदूक उचलणाऱ्याची चरित्रं आपण आवडीने वाचतो, कारण त्यांत थरार असतो. लालडेंगांच्या आयुष्यातला अवघड भाग १९७६नंतरचा आहे. आपण मागितलं होतं ते मिळणार नाही, हे स्वतःला पटवून घ्यायचं आणि मग ते जीव द्यायला तयार असलेल्या माणसांना पटवायचं, याला रणांगणापेक्षा वेगळं धैर्य लागतं. सरकारकडेही तेवढंच धैर्य लागतं : ज्याला काल देशद्रोही म्हटलं, त्याच्यासमोर बसून बरोबरीने बोलायचं. १९८६मध्ये दोन्हीकडे ते होतं. १९५८मध्ये त्याच्या शतांश धैर्यानेही भागलं असतं. डोंगरातल्या माणसाला त्याच्या डोंगराबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं, एवढं मान्य करणं पुरेसं होतं. आज देशात जिथे जिथे एखादा लहान समाज काही सांगू पाहतो आहे, तिथल्या कचेऱ्यांमध्ये बसलेल्यांनी हा इतिहास वाचायला हवा. ऐकून घेण्याचा खर्च नेहमीच कमी असतो, आणि तो वेळेवर केला तर पुढचे करार करावेच लागत नाहीत.